माय घरी असली की मशीन अडतं

मी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे सही करणं, आणि बा सही करायच्या आधीसुद्धा दोन्ही हात दुपट्ट्याला पुसतो. अशा घरातल्या माणसाने आठवणी लिहायच्या म्हणजे ओळख नसलेल्या लग्नात जाऊन पंगतीच्या मधोमध बसल्यासारखं वाटतं. शिवाय विषय काही थोर नाही. आमच्या घरचा कॉम्प्युटर सारखा अडायचा, एवढाच आहे. पण तो का अडतो हे कळायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला, आणि त्या पावसाळ्यावर माझं कॉलेज अवलंबून होतं. म्हणून सांगतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. मी चंद्रपूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉम्प्युटर हा माझा एक विषय होता. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन कमी आणि मुलं जास्त. एका मशीनसमोर आम्ही तिघे बसायचो. म्हणजे शहरातले दोघे बसायचे आणि मी त्यांच्या खुर्च्यांमागे उभा राहून मान वाकवायचो. प्रोजेक्ट मात्र ज्याचा त्याने करायचा होता. हे मी एकदा घरी बोललो. उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचं सामान निघालं, त्यातला एक जुना संच बा बैलबंडीत धानाच्या तणसावर निजवून घेऊन आला. वरून गोधडी पांघरली होती. गावात शिरताना लोकांना वाटलं, कोणी आजारी माणूस आणला. दोघेतिघे विचारपूस करायला मागोमाग घरापर्यंत आले.

आमच्या घरात दोन खोल्या आणि मध्ये बांबूचा तट्टा. अलीकडे बसायची खोली, पलीकडे माय, चूल आणि भांड्यांची फळी. विजेचं बटण तट्ट्याजवळ होतं, म्हणून टेबल तिथेच लागलं, मशीनची पाठ तट्ट्याला चिकटवून. मायने पहिल्या दिवशी मशीनला हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, "याले खायले काय लागते?"

"वीज लागते, माय."

"मंग आपल्यासारखंच उपाशी राह्यते म्हण," ती म्हणाली. वीज आमच्याकडे जायची त्यापेक्षा यायची कमी, त्यामुळे तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

माझा प्रोजेक्ट होता एस.टी.च्या वेळापत्रकाचा. गावाचं नाव टाकलं की तिकडची पुढची गाडी किती वाजता, हे पडद्यावर दिसलं पाहिजे. तो करायला आम्हाला पोळ्यापर्यंत घरी सोडलं होतं. पोळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या पहिल्या दिवशी तो दाखवून सरांची सही घ्यायची होती. सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मी गेलो आलापल्लीला. तिथे माझा मामा लाकडाच्या डेपोत होता. आषाढात तो आमच्याकडे आला तेव्हा मशीन नुकतंच अडलं होतं. पडद्यावरचा बाण धानाच्या बांधीतल्या बगळ्यासारखा एका जागी उभा होता. मी माऊस हलवत होतो आणि तो बगळा काही उडत नव्हता.

मामाने विचारलं, "काय झालं याले?"

"हँग झालं, मामा."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू आहे, पण चालत नाई."

मामा बाच्या दिशेने वळला. "भाटवे, यंदा पोराचं नाई जमलं तर माह्याकडं पाठवा. सागवान मोजाले माणूस पाहिजेच. आन् लाकूड हँग नाई होत."

बाने खूप वेळ दुपट्टा झटकला. मग म्हणाला, "वर्ष गेलं तर पाठवतो." बा एकदा बोलला की बोलला. तेव्हापासून मला स्वप्नात सागाचे ओंडके दिसायचे, आणि त्यांच्या प्रत्येक टोकावर एक बाण उभा असायचा.

मशीन अडायचं ते असं. सुरू व्हायचं नीट, घरघर करायचं, मी चार ओळी लिहायचो, मागून गरम हवेचा फुत्कार यायचा, आणि थोड्या वेळाने सगळं थिजायचं. बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं, की पुन्हा चार ओळी. कधी मात्र अख्खा दिवस छान चालायचं. त्यात काही नियम असेल असं मला वाटायचं, पण सापडत नव्हता. एवढं लक्षात आलं होतं की पावसाच्या दिवशी जास्त अडतं. मी पुस्तकात पावसावर काही लिहिलं आहे का ते पाहिलं. पावसाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

मायचा धीर तेवढा सुटला नव्हता. बाहेर झड लागली आणि मी कंटाळून उठायला लागलो की तट्ट्यापलीकडून तिचा आवाज यायचा, "उठू नोको बाबू. बस अजून. चालू ठेव मशीन. अभ्यास केल्याशिवाय काही होत नाई." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या मायला माझ्या अभ्यासाची केवढी कळकळ, असं वाटून मी पुन्हा बसायचो.

वर्गातल्या एका मित्राला मी फोन लावला. तो म्हणाला, "व्हायरस असेल. फॉरमॅट मार." मी फॉरमॅट मारला. त्यात व्हायरस गेला की नाही माहीत नाही, माझं वेळापत्रक मात्र पार गेलं, आणि मशीन आधीसारखंच अडत राहिलं.

मग बा म्हणाला, चाचाला दाखवू. चाचा म्हणजे पोंभुर्ण्याच्या बस स्टँडजवळ रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करणारे. आजूबाजूच्या सगळ्या गावांचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी कॉम्प्युटर कधी उघडला नव्हता, पण उघडायची त्यांना फार हौस होती. गोधडी पांघरून मशीन पुन्हा बैलबंडीत निघालं. वाटेत लोकांनी विचारलं, "अजून बरं नाई का?"

चाचांनी झाकण काढलं, आत फुंकर मारली, ब्रशने धूळ झाडली, एक झुरळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "लो, तुम्हारा व्हायरस."

मशीन त्यांच्या दुकानात सुरू केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते एकदाही अडलं नाही. मी शंभर वेळा माऊस फिरवला. चाचांनी फिरवला. चहावाल्याने फिरवला. पंचायतीतून दाखला न्यायला आलेल्या एका माणसाने फिरवला. बाण सगळ्यांच्या हाताखाली माशासारखा पळत होता. आम्ही आनंदाने घरी आलो, टेबलावर ठेवलं, सुरू केलं. बाहेर पाऊस होता. चार ओळींत थिजलं.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः सायकलने घरी आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, घराकडे पाहिलं आणि मान हलवली. "देख बेटा, मशीन में कुछ खराबी नहीं. ये बहू के जैसा मामला है. मायके में हँसती-बोलती, ससुराल में आते ही चुप."

"मग काय करायचं, चाचा?"

"ससुराल वालों को पूछ. मैं रेडिओवाला आदमी, घर के झगड़े में नहीं पड़ता." माय आत चहा करत होती. चाचांनी चहा घेतला, एकदा नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "महुए की बास आती है तुम्हारे मशीन को." त्याचं मला काही वाटलं नाही. पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यालाच मोहाचा वास येतो, चादरींना, वह्यांना, मलासुद्धा. लॅबमध्ये शहरातली मुलं मला त्यावरून विचारायची, आणि मी मोहाचं फूल आणि मोहाची दारू यांतला फरक समजावून सांगायचो.

खरा शोध लागला तो शेजारच्या भाऊंमुळे. हे भाऊ रोज संध्याकाळी आमच्याकडे मशीन पाहायला यायचे. टीव्ही पाहावा तसे. पडद्यावर माझं वेळापत्रक असायचं आणि ते पाट घेऊन बसायचे. एक दिवस ते बाला म्हणाले, "एक बोलू का? राग नाई धरायचा."

"बोल ना."

"वहिनी निंदणाले गेली की मशीन चालते. वहिनी घरी असली की अडते. मी रोज पाहून राह्यलो."

मी मनातल्या मनात मागचे दिवस तपासले. उघाडीच्या दिवशी माय बांधीत, मशीन सुरळीत. झडीच्या दिवशी माय घरी, मशीन थिजलेलं. चाचांच्या दुकानात माय नव्हती. सगळं जुळत होतं. एवढं माझं एकही गणित कधी जुळलं नव्हतं.

"नजर आहे," भाऊ म्हणाले.

तट्ट्यापलीकडून पळी आपटल्याचा आवाज आला. "कोणाची नजर? माह्या पोराच्या मशीनवर माही नजर?"

"मुद्दाम नाई म्हणत, वहिनी. कौतुकाची नजर जास्त लागते."

हे ऐकून माय जरा शांत झाली. कौतुक तिला होतंच. मी मात्र विज्ञानाचा विद्यार्थी. मी म्हणालो, असं नजरेने काही होत नाही. पाहिजे तर प्रयोग करून पाहू. कॉलेजात शिकवलं होतं की एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. तेव्हा दुसऱ्या दिवशी भर पावसात आम्ही फक्त मायला बदललं. ती स्वयंपाकघर आवरून भाऊंच्या ओसरीवर जाऊन बसली. घर सोडताना ती नेहमीच सगळं आवरायची. कोंबड्या आत शिरून चोच मारतात म्हणून खालचं धान्य, सुकवण, सगळं माळ्यावर चढवायची आणि मगच उंबरा ओलांडायची.

माय गेली आणि मशीन चाललं. एक तास, दोन तास. बा दाराशी उभा राहून पलीकडे ओरडायचा, "चालून राह्यलं!" आणि पलीकडून माय ओरडायची, "मी पाहूनही नाई राह्यली!" दुपारी ती परत आली, आपल्या कामाला लागली, आणि मी एक पान पुरं करायच्या आत बाण बगळा होऊन उभा राहिला.

प्रयोग माझ्याच पद्धतीने झाला होता.

मग उपाय सुरू झाले. मायने मीठ आणि लाल मिरच्या मशीनवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसक्याने भाऊंसकट आम्ही चौघे अंगणात पळालो. माऊसची नजर वेगळी उतरवली, कारण तो शेपटीचा आहे आणि त्याला वेगळी लागत असेल असं तिचं म्हणणं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना ती पदर डोळ्यांवर ओढून चाचपडत यायची. त्यात दोनदा बाच्या पायावर पाय पडला. एका सकाळी मला पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला. मी तो खोडायचा प्रयत्न केला. खोडला जाईना. प्रोग्राम बंद केला, ठिपका तसाच. मशीन बंद केलं तरीही ठिपका तसाच. मग बोट लावून पाहिलं तर ते काजळ होतं.

"तीट आहे," माय तोंड फिरवून म्हणाली. "पुसलं काऊन?"

पोळा जवळ आला. प्रोजेक्ट निम्मासुद्धा झाला नव्हता. एक दिवस बाने माझी पत्र्याची पेटी काढून बिजागरीला तेल दिलं. आलापल्लीला जायला पेटी लागणार होती. मायने ते पाहिलं. संध्याकाळी तिने लुगड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"मी जातो माह्या भावाकडं," ती म्हणाली. "आलापल्लीले कोणी जायचंच असन तर मी जातो. पोराचं वर्ष नाई जाऊ देत."

"अवं, पोळ्याच्या तोंडावर?" बा म्हणाला. "बैलायले पुरणपोळी कोण देईन?"

"तुमी द्या. मशीन चाललं पाहिजे."

मी खूप विनवलं. ती ऐकेना. सकाळी तिने चूल सारवली, मोहफुलाचं पोतं माळ्यावर चढवलं, बाला डाळ-तांदूळ कुठे आहे ते दाखवलं, आणि मशीनकडे पाठ ठेवून, भिंतीला तोंड करून, आडवी सरकत घराबाहेर पडली. बस स्टँडवर तिला सोडताना मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नोको. जा, लवकर बस. मी गेली का चालन ते."

आणि चाललं. असं चाललं की मलाच त्याचा राग आला. वीज असेल तेवढा वेळ मी लिहीत होतो आणि ते मुकाट्याने ऐकत होतं. बा स्वयंपाक करत होता. वरण पहिल्या दिवशी पातळ झालं, दुसऱ्या दिवशी दगड झालं. तिसऱ्या दिवशी बा ताटाकडे पाहून म्हणाला, "मशीन चालून राह्यलं, पण मी नाई चालत आता." बैलांनी मात्र त्याच्या पुरणपोळ्या मान्य केल्या. आम्ही केल्या नाहीत.

आलापल्लीकडून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ माय निरोप द्यायची. ड्रायव्हर चाचांच्या दुकानासमोर गाडी थांबवून विचारायचा, "मशीन कसं आहे?" चाचा म्हणायचे, "खुश है. रोटी-पानी ले रहा." हा निरोप परत जायचा. मग पूर आला, आष्टीच्या पुलावरून पाणी गेलं, गाड्या बंद झाल्या आणि माय तिकडेच अडली. बा रोज पुलाचं पाणी उतरलं का विचारायला जायचा. मी रोज एक गाव वेळापत्रकात घालायचो. सगळ्यात शेवटी आलापल्लीची गाडी घातली.

कॉलेज उघडलं. मी फ्लॉपी दोन पिशव्यांत गुंडाळून चंद्रपूरला गेलो. सरांनी लॅबमध्ये ती लावली. माझा नंबर लागला तेव्हा मी पहिल्यांदाच खुर्चीत बसलो होतो, पण सर आले म्हणून लगेच उभा राहिलो. सरांनी पोंभुर्णा टाकलं, वेळ आली. गोंडपिपरी टाकलं, वेळ आली. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि गाडी वेळेवर नाही आली तर?"

"त्यासाठी खाली बटण आहे, सर."

हे बटण मी बाच्या सांगण्यावरून केलं होतं. बा म्हणाला होता, वेळ तर कोणीही सांगेल, गाडी येत नाही तेव्हा काय, ते सांग. सरांनी बटण दाबलं. इंग्रजी अक्षरांत मी मराठी लिहिलं होतं. पडद्यावर आलं, "येऊन राह्यली."

सरांनी पुन्हा दाबलं. "येऊन राह्यली."

त्यांनी आणखी चारदा दाबलं. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सरांना हाक मारली आणि तेही दाबत बसले. मला वाटलं, वर्ष गेलं. मी मनात पेटी भरायला घेतली. पण सर डोळे पुसत म्हणाले, "महामंडळाने हेच लावायला पाहिजे," आणि त्यांनी सही केली.

मी धावत एस.टी.डी. बूथवर गेलो आणि चाचांच्या दुकानाचा फोन लावला. चाचा म्हणाले, "रुक, तेरा बाप इधरीच है. और तेरी माँ भी. पूल खुल गया, अभी गाडी से उतरी."

बा फोनवर आला. तो फोनवर नेहमी ओरडतो, कारण चंद्रपूर लांब आहे. "काय झालं?"

"सही झाली, बा!"

मग दुपट्टा झटकल्यासारखं ऐकू आलं. "मंग तुह्या मामाले नाई म्हणून सांगू ना?"

"सांगा."

"सांगतो. पेटीचं तेल वाया गेलं," बा म्हणाला, आणि त्याचा आवाज भलताच खुशीत होता. "घे, मायसंग बोल."

मायने फोन कानापासून लांब धरला असावा. तिला सही झाल्याचं मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीतच होतं." मग म्हणाली, "तू केव्हा येतं घरी?"

"शनिवारी येतो."

"लवकर ये बाबू. मशीन सुरू करून दे. मोहफूल सारं ओलं झालं, माळ्यावर बुरशी लागून राह्यली."

मला वाटलं लाइन नीट नाही. "मोहफुलाचा आन् मशीनचा काय संबंध, माय?"

"तट्ट्यातून गरम हवा येते ना तुह्या मशीनची! झडीत ऊन कुठी राह्यते? मी फळीवर पोतं ठेवतो, तट्ट्याले गच्च दाबून. चुलीवर सुकवलं का करपते. मशीनवर कसं खारकीसारखं होते. मी काऊन म्हणत होती तुले, बस अजून, उठू नोको म्हणून?"